स्टेशनाची दोन दारं

मुनिरका, दिल्ली
१८ डिसेंबर १९९५

ती. ताईस,
तुला आणि आईला जय भीम.

मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, बाबांचा शोध चालू आहे, पोलिसही नीट बोलतात. पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

चूक माझीच. ‘स्टेशनाच्या दारात थांबा, मी येतो,’ एवढंच मी बाबांना लिहिलं. आपल्या गावच्या स्टेशनाला एकच दार, म्हणून ते पुरेसं वाटलं. नवी दिल्लीला दोन आहेत, पहाडगंजकडे जुनं आणि अजमेरी गेटकडे नंतरचं. चौसष्टला भूमिहीनांच्या मोर्चाला दिल्लीत आले तेव्हा बाबा पहाडगंजकडूनच बाहेर पडले होते. या वेळीही तिकडेच गेले असणार. मी नोएडाच्या ऑफिसातून येऊन त्या बाजूने जवळ पडणाऱ्या अजमेरी गेटला तीन तास उभा होतो.

आज अकरावा दिवस. इथे थंडी फार आहे. बाबांनी स्वेटर घेतला होता का, आईला सहज विचार.

मी रोज जातो. एका दारात उभा राहिलो की वाटतं, ते आत्ता दुसऱ्या दारात आले असतील. म्हणून हल्ली मी मधल्या पुलावर उभा राहतो. तिथून एकही दार दिसत नाही.

तुझा भाऊ,
प्रसेनजित