बॉक्स गप्प झाला तर

१२ जानेवारी

आठपैकी सहाच बोलतात. पाच आणि सहा नंबरचे मिक्सर स्क्रीनवर यायलाच तयार नाहीत.

सकाळपासून केबल तपासत होते. जांभळी केबल, पहिल्या मिक्सरपासून शेवटच्यापर्यंत एकच, आणि प्रत्येक मिक्सरच्या अंगावर एक बॉक्स. बॉक्सचं काम एवढंच – दार उघडं की बंद, मोटार फिरतेय की थांबलीय, ते माझ्या संगणकाला सांगायचं. पूर्वी याच कामाला मनगटाएवढे तारांचे जुडगे होते.

दुपारी सापडलं. बॉक्सच्या पोटात दोन छोट्या चकत्या असतात, त्या फिरवून त्याला नंबर द्यायचा. वायरमनने पाचलाही पाच दिलाय आणि सहालाही पाच. संगणक पाचला विचारतो तेव्हा दोघे एकदम उत्तर देतात. ऐकू कुणाचंच येत नाही.

"एका नावानं हाक मारली आणि दोन जावई उठले, ताई," वायरमन म्हणाला. चूक झाली असं काही म्हणाला नाही.

१३ जानेवारी

आठही हिरवे.

तो सहा नंबरमध्ये उतरला होता. मी बाहेरून पाहिलं, फक्त बुटांचे तळवे दिसत होते. नवऱ्याला तळव्यांवरून ओळखायची ही पहिलीच वेळ.

तो इथे फिटर आहे, माझ्या कितीतरी आधीपासून. माझ्या कंपनीने हे नेटवर्कचं काम घेतलं तेव्हा इथले साहेब म्हणाले होते, "एका छपराखाली नवराबायको – भांडणं घरी करा म्हणजे झालं." मिक्सरमध्ये फरशा चिकटवायची पावडर कालवतात. जरा ओल लागली की ती पात्यांवर दगड होऊन बसते. मग रोज कुणीतरी दारातून आत शिरायचं, दोन पात्यांच्या मध्ये बसायचं आणि खरवडायचं. बहुतेक वेळा तोच.

आत जाण्याआधी तो मेन स्विच पाडतो, त्यात स्वतःचं कुलूप अडकवतो आणि किल्ली खिशात टाकतो. इथली हीच रीत. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. ते तिथे आहे तोवर मिक्सर कुणाच्या बापाला सुरू करता येत नाही.

१७ जानेवारी

आज सेटिंग भरली. संगणक प्रत्येक बॉक्ससाठी विचारतो – बॉक्स गप्प झाला तर काय धरायचं? तीन पर्याय. दार उघडं धरा. दार बंद धरा. शेवटचं उत्तर तेच धरून चला.

आठही ठिकाणी 'उघडं' टाकलं. बॉक्स बोलेनासा झाला की दार उघडं आहे असं समजायचं आणि सगळे मिक्सर थांबवायचे. यात विचार करण्यासारखं काही नाही.

जेवताना तो म्हणाला, "तुझा तो डबा मुका झाला तर मी गेलो ना कामातून?"

"नाही. तो गप्प झाला की सगळं थांबतं."

"म्हणजे तुझ्यावरच गेलाय. तू गप्प झालीस की या घरातलंही सगळं थांबतं."

सासूबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

२४ जानेवारी

लाइन चालू झाली. काचेच्या खोलीत पॅनेलवाला बसतो, स्क्रीनवर दारं बघतो आणि बटण दाबतो. तो मिक्सरकडे बघतसुद्धा नाही. मीच त्याला सांगितलं होतं, आता उठून बघायला जायची गरज नाही.

२९ जानेवारी

व्हायचं ते आमच्याच घरी झालं.

काल त्याला घाईने निघावं लागलं – घरी पाण्याचा पाइप फुटला होता. कुलूप चारवर तसंच, किल्ली शर्टाच्या खिशात, शर्ट बादलीत. त्याचा फोन बंद, मला कुणी लावलाच नाही. कारखान्यात रात्रपाळीने नुसतं बसून काढलं. सकाळी सासूबाईंनी कपडे पिळताना किल्ली काढून दाखवली. "ही कसली? आणि इतकं काय झालंय, एक मिक्सर नाही फिरला तर?"

एक मिक्सर नाही. चारमधून माल पुढे जातो. चार बंद म्हणजे सगळी लाइन बंद.

साहेब त्याला काही बोलले नाहीत. मला बोलावलं.

३० जानेवारी

कुलपं लावणं बंद. साहेबांनी एक प्लास्टिकची बादली फिरवली, फिटरांनी एकेक करून आपापली कुलपं त्यात टाकली. त्याचं पडल्याचा आवाज मी काचेच्या खोलीत बसून ऐकला.

मी साहेबांना म्हणाले, "कुलूप राहू द्या. दाराचा बॉक्स आणि कुलूप, दोन्ही हवं."

"का मॅडम? तुमच्या कामावर तुमचाच विश्वास नाही?"

"तसं नाही."

"मग कसं? दार उघडं असलं तर मिक्सर सुरू होणार नाही, हे तुम्हीच लिहून दिलंय ना? की नाही?"

दिलंय. माझ्याच सहीचा कागद त्यांनी माझ्यासमोर सरकवला. कुलूप हवं म्हणावं तर माझं काम कच्चं. काम पक्कं म्हणावं तर कुलूप कशाला.

२ फेब्रुवारी

आज तो कुलपाशिवाय आत गेला. मेन स्विच पाडला, पण पाडलेला स्विच कुणीही वर करू शकतं. बाहेर येईपर्यंत मी चहा हातात धरून उभी होते. प्यायले नाही.

३ फेब्रुवारी

त्याला सांगितलं, स्वतःचं दुसरं कुलूप आण, लाव, बघू कोण काय करतं.

"आणि साहेब?"

"साहेबांना मी बघते."

"हो, बघितलं ना परवा." मग जरा थांबून – "अगं, मला नोकरी दोन्हीकडून सांभाळायची आहे. कारखान्यातही आणि घरीही."

पुढे बोललो नाही. सगळं थांबलं.

५ फेब्रुवारी

सुचलंय.

केबलच्या दोन्ही टोकांच्या बॉक्समध्ये एक छोटा खटका असतो. तो वर असला की केबलमधून आलेलं बोलणं टोकाशी जिरून जातं. खाली असला की ते भिंतीवर आपटल्यासारखं परत फिरतं आणि मागून येणाऱ्या बोलण्यात मिसळतं. मग बॉक्स मध्येच गप्प होतात. कधी, कोणता, किती वेळ – नेम नाही. नवशिक्यांच्या हातून हमखास राहून जाणारी गोष्ट. मी नवी होते तेव्हा माझ्याही हातून राहिली होती.

गप्प म्हणजे उघडं. उघडं म्हणजे थांबा. म्हणजे यात धोका कुणालाच नाही. फक्त लाइन सारखी बंद पडेल आणि साहेबच म्हणतील, ही भानगड नको, कुलपं आणा.

६ फेब्रुवारी

आठ नंबरचं झाकण उघडलं, नखाने खटका खाली केला, झाकण लावलं. वायरमन शेजारीच विडी शोधत होता.

दुपारपर्यंत लाइन तीनदा थांबली.

९ फेब्रुवारी

रोज थांबतेय. पाचच्या पुढचे बॉक्स तर कधी कधी तासभर बोलत नाहीत. वायरमन केबलची प्रत्येक गाठ सोडून पुन्हा बांधतोय. "ताई, मला वेड लागायची वेळ आली." त्याच्या बोटांना चिरा पडल्यात. मी त्याला मलम दिलं. खटक्याचं सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी

साहेबांनी विचारलंच. "तो तिसरा पर्याय काय आहे? शेवटचं उत्तर धरून चला, असं काहीतरी?"

कुणीतरी त्यांना पढवलंय.

"दारांसाठी तो घालत नाहीत," मी म्हणाले.

"घालता येतो ना, पण?"

"घातला आणि बॉक्स गप्प असताना कुणी दार उघडलं, तर पॅनेलवर ते बंदच दिसेल. आत माणूस असला तरी मिक्सर सुरू होईल."

"बॉक्स गप्प व्हायला नकोत, यासाठी तुम्हाला बोलावलंय, मॅडम."

मी कुलपांचा विषय काढला. ते फोनवर बोलायला लागले.

१२ फेब्रुवारी

भलतंच होऊन बसलंय.

तो घरी आला तो खुशीत. सासूबाईंना सांगत होता, "हिचं यंत्र भयंकर भित्रं आहे गं. जरा कुठं खुट्ट झालं की थांबतं. आज मी दाराच्या कडीला नुसता हात लावला, तर सगळी लाइन ठप्प."

"मग वाईट का?"

"वाईट कसलं? आत बसणाऱ्याला भित्रंच बरं. कुलपाची काही गरज नाही, हे आता मलाही पटलंय."

माझ्याकडे बघून हसला. साहेबांना कुलूप पटावं म्हणून केलं, आणि त्याला ते नकोसं झालं. खटका परत वर करू का? केला तर सगळं सुरळीत, आणि कुलपं कायमची गेली. दोन दिवस बघते.

१५ फेब्रुवारी

माझी सुट्टी. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. थेंब घातल्यावर त्यांना काही दिसेना, माझा दंड घट्ट धरून चालल्या. "तू सांगशील तिथं पाय टाकते," म्हणाल्या.

घरी आल्यावर त्याला विचारलं, आज किती वेळा थांबली?

"आज? सकाळी दोनदा. दुपारनंतर नाही वाटतं."

१६ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

काचेच्या खोलीत गेले. पॅनेलवाला खुश. "मॅडम, काल दुपारपासून मलई. एकदाही थांबली नाही."

मी आठ नंबरकडे गेले. झाकण उघडलं. खटका खालीच.

खटका खाली आणि लाइन थांबत नाही, असं होत नाही.

सहा नंबरच्या बॉक्सवर लाल दिवा लुकलुकत होता. गप्प होता तो. आणि सहाचं दार उघडं, बाहेर तळवे.

धावत खोलीत आले. स्क्रीनवर सहाचं दार बंद. आठही हिरवे. कुणीतरी मेन स्विच वर केलेला – स्क्रीनवर तेही दिसत होतं. पॅनेलवाल्याचं बोट सहाच्या बटणावर आलेलं. मी त्याच्या अंगावरून हात टाकून भिंतीवरचं लाल बटण दाबलं. त्याची तार वेगळी आहे, केबलवर नाही. सगळा कारखाना एकदम शांत झाला.

"काय झालं मॅडम?"

मी काचेकडे वळले. काचेतून दिसत होतं – तो हळूहळू मागे सरकत बाहेर आला, गुडघे झटकले, खोलीच्या दारात आला. तोंड पावडरीने पांढरं. "थांबलं ना पुन्हा?" पॅनेलवाल्याला म्हणाला. "बघ, म्हटलं नव्हतं? मी आत असलो की कळतं त्याला."

साहेबांनी काल माझ्या कंपनीच्या मुख्य ऑफिसला सांगून, तिथूनच, सेटिंग बदलून घेतली होती. आठही दारांना तिसरा पर्याय. "तुमची सुट्टी होती, म्हणून तुम्हाला त्रास दिला नाही."

म्हणजे दार उघडलं गेलं त्या क्षणी सहा नंबर गप्प होता. आणि गप्प होता तो माझ्यामुळे. बदल साहेबांचा. खटका माझा. एकट्याच्याने ते झालं नसतं.

१७ फेब्रुवारी

खटका वर केला. मग साहेबांकडे गेले, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी टेबलावरची एक पिन उचलून वाकडी केली. मग म्हणाले, "हे इथंच राहू द्या. तुमचंही झाकलेलं बरं, माझंही."

"सेटिंग परत बदला. आणि कुलपं द्या."

"कुलपं देतो. सेटिंगचं तुमच्या ऑफिसला कळवतो."

दुपारी ऑफिसचा फोन आला. संगणक परत पाठवा, तुम्हाला दुसऱ्या कामावर घेतोय, इथे आता दुसरा माणूस येईल. सेटिंग बदलली का, मी विचारलं. तो माणूस बघेल, म्हणाले.

घरी त्याला म्हणाले, "काल ते आपोआप नाही थांबलं. बटण मी दाबलं."

"तू काय आणि ते काय, एकच की."

"एक नाही."

"बरं बाई, नाही." माझ्या ताटात त्याने भाजी वाढली. खटक्याचं सांगायला तोंड उघडलं होतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सासूबाई डोळ्यांवर पट्टी बांधून शेजारी बसल्या होत्या, वाटी चाचपत होत्या. मी वाटी त्यांच्या हातात दिली.

१९ फेब्रुवारी

कुलपं परत वाटली. सगळ्यांनी घेतली. त्याने आपलं बादलीतच ठेवलं.

"तू बसवलेलं यंत्र आहे ते," म्हणाला.