आयतं मिळालेलं डुक्कर

बोदवड, सोमवार

तीर्थरूप नाना यांस, धाकटा भाऊ हिलालचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. परवान्यात लिहिलेल्या नऊ रानडुकरांपैकी सहा मारून झाली, मका बराचसा वाचला.

फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, म्हणून लिहितो. पंधरा दिवसांपूर्वी नाल्यात एक डुक्कर मेलेलं सापडलं. अंगावर ना गोळी, ना दाताची खूण. मी सोबतच्या शिकाऱ्यांना सांगितलं, आपोआप मेलेलं जनावर रोगी समजावं, हात न लावता वनखात्याला कळवावं. आपण मारलेलंसुद्धा रबरी हातमोजे घालूनच धरावं.

आमच्यातले तोतारामभाऊ, मी रोगांची कात्रणं जमवतो म्हणून मला डाक्टर म्हणून चिडवतात. ते म्हणाले, "डाक्टर, देवानं आयतं देलं. तुमाले भ्या वाटत असंल त बांधावर बसा."

बाकीचे हसले. भाऊंनी उघड्या हातांनी ते फाडून सगळ्यांचे वाटे पाडले.

आज चौथा दिवस, तोतारामभाऊ तापानं दवाखान्यात आहेत. ताप कशाचा, ते रक्त तपासल्यावर कळेल. हसणारे आता मला विचारतात, पुढं काय करायचं? मी जमवलेल्या कात्रणांत त्याच्या पुढचं काही नाही.

नाना, मरून पडलेलं जनावर घरी आणायची रीत तुम्हीच मला साक्रीच्या डोंगरात शिकवली. ती आता सोडा. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना यातलं काही बोलू नका.

बांधावर बसा म्हटलेलं मला सोसलं नाही. त्या डुकराचा मागचा पाय मीच धरला होता. हातमोजे माझ्या खिशात होते.

तुमचाच,
हिलाल