आधी स्पीकर, मग मशीन

ता. ४ ऑक्टो. ८१

आमच्या पोराची, सुऱ्याची कॅसेट आली एकदाची. साजगावचा एक पोरगा त्याच्याबरोबर मस्कतला कामाला आहे, तो सुट्टीवर आलाय, त्याने आणून दिली. चहा घेतला, पण नजरेला नजर देईना. आमचा सुरेश बरा आहे ना, विचारलं तर "हाय की, हाय" म्हणत चपलेत पाय घातले. एवढी कसली घाई?

जेवणाआधी लावली. पहिली बाजू नेहमीसारखी. सगळ्यांना नमस्कार, ऊन फार, मासळी मिळते पण आपल्यासारखी नाही. अर्धे शब्द गिळतो हा. तोंडात सुपारी धरून बोलतो की काय! दुसऱ्या बाजूला "बरंय, ठेवतो आता" म्हणाला, पुढे नुसती टेप. बंद करायला उठलो तर सेटवरचे हिरवे दिवे हलताना दिसले. आवाज असला तरच ते हलतात. आवाज तर काही नव्हता. ही तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला.

म्हटलं, "बोलतोय का काही?"

"काय नाय. रिकामी टेप हाय. घरघर नुसती."

मग दिवे कशाला नाचतायत? तर उठून आत गेली.

ता. ६

पहिली पाळी सुटल्यावर खोपोली गाडीने परत, घरून सेट उचलून तसाच कर्जत बाजारात दत्तू रेडिओवाल्याकडे. सेट उघडला, हेड पुसला, रबरी पट्टा बदलला. स्वतःकडची गाण्याची कॅसेट लावून म्हणतो, "नामदेवदादा, सेट खणखणीत हाय."

म्हटलं, शब्द कुठे येतायत? नुसता तबला येतोय.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच, "एकदा डाक्टरला कान दाखवा की." अरे वा! बिघाड सेटात आणि दाखवायचे माझे कान. असा झापला की दुकानातली दोन गिऱ्हाइकं निघून गेली. सोळा वर्षं पत्रे ठोकायच्या मशीनवर काढली मी, कान गेले असते तर कंपनीने ठेवला असता का? कानात घालायला कापूस देतात तो मी कधी घेतला नाही. कापूस घालून बाळंतिणीने बसावं.

सुऱ्याचीच कॅसेट न्यायची होती. हिने दिली नाही. घरची गोष्ट दुकानात वाजवायची नाय, म्हणे.

ता. ९

कुकर बिघडला. ही नळावर होती, मी कुकरसमोर बसून पेपर वाचत होतो. शिटी एकही झाली नाही, वरणाचा कोळसा. ही म्हणते शिट्या नळापर्यंत ऐकू आल्या. बायकांना भांडायला निमित्त लागतं. नवीन रबर आणून बसवलं.

ता. १३

परत दत्तूकडे. राग गिळून गेलो, काय करणार. म्हटलं, आवाज सुधारायचा तर आधी काय घेऊ? बोनसमध्ये एकच गोष्ट बसेल.

त्याचं म्हणणं आधी स्पीकर. सेटातला स्पीकर बशीएवढा, त्यातून काय निघणार. मोठा पेटीतला जोडा, मशीन मागाहून बघू. शेजारी मंडपवाला बसला होता, तो लगेच, "स्पीकर काय करंल? आधी मशीन, ॲम्प्लिफायर. जोर मागनं आला तर पुढनं आवाज सुटंल." दोघांची जुंपली. मी दोघांचं ऐकत होतो, म्हणजे दत्तूचं. मंडपवाला पाठमोरा होता तेव्हा काय बोलला ते राहिलं.

रात्री हिला सांगितलं. ती म्हणाली, "बोनस मोडू नका अवो. लागंल."

"कशाला लागेल?"

"लागंल कधीतरी."

कौलं फिरवून झाली, किराणा भरलाय. आता काय लागणार हिला? विचारलं तर भाकरी थापत बसली. पाठ करून.

ता. १७

भिसेगावात यंदा रातकिडे नाहीत. एरवी पाऊस सरला की नदीकडून कोण कालवा असतो. शेतात औषधं मारतात त्यात मेले असणार. शेजारच्या राऊतला ओट्यावर बसल्या बसल्या म्हटलं, किडे बघ कसे गप्प आहेत. विडी तशीच विझली त्याच्या हातात.

ता. २४

बोनस झाला. स्पीकर घेतला. कमरेएवढी पेटी, पुढे जाळी. राऊत आणि मी दोघांनी उचलून आणली. ही दारातच उभी. बघून डोळ्याला पदर लावला. सणाच्या तोंडावर बाईने रडू नये एवढंही कळत नाही का हिला?

गाणी लावली. राऊत म्हणतो, "भिंत हालते रं नामा!" पोरंटोरं जमली, नाचली. मलाही बरं वाटलं. छातीत धपधप लागते. शब्द मात्र...

ता. २५

काल सगळे गेल्यावर सुऱ्याची कॅसेट मागितली. "सापडत नाय" म्हणाली. आपल्या दोन खोल्यांत वस्तू हरवायला जागा तरी आहे का?

भांडलो. ताट भिरकावलं. चूक झाली.

शेवटी तिने आणली कुठून तरी, पण स्वतः सेटाजवळ बसली आणि पहिली बाजू संपताच काढून घेतली. म्हणे झालं, सगळं तेच तर हाय. मी म्हटलं शेवट लाव, तो शेवट. तर हात जोडले. खरोखर हात जोडले हिने माझ्यापुढे. मला भीती वाटली. कशाची ते कळलं नाही, पण वाटली.

ता. २ नोव्हें.

कंपनीत आज थोडक्यात वाचलो. मागून हातगाडी येत होती, पोरगा ओरडत होता म्हणे. मला खांद्याला धरून कुणीतरी ओढलं तेव्हा कळलं. सगळे हसले. फोरमन हसला नाही.

सुऱ्याचं पत्र नाही. दर पंधरवड्याला यायचं. हिला म्हटलं, पोराचं पत्र नाही गं. "येईल" म्हणाली. एवढंच. एरवी पोस्टमनला वाटेत गाठणारी बाई ही.

ता. ११

ठरलं. मंडपवाल्याचं खरं होतं. स्पीकर रिकामा, मागून जोर नाही. तो लग्नसराईसाठी नवीन मशीन घेतोय, जुनं मला देतो म्हणाला. हातातलं घड्याळ त्याला दिलं, सासऱ्याने दिलेलं. हिला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी सुऱ्या बोललाय. नक्की बोललाय. रिकाम्या टेपला दिवे नाचत नाहीत. ही खोटं का बोलते तेवढं कळत नाही. माझ्याशी खोटं बोलणारी बाई नव्हे ती. वीस-बावीस वर्षांत मीठ संपलं तरी सांगते.

ता. २१

ही भावाकडे खालापूरला गेली, भाताच्या झोडणीला. दोन दिवस येणार नाही. जाताना कॅसेट बरोबर नेली नसणार. शोधतो.

ता. २२, रविवार

पोह्यांच्या डब्यात होती. पोह्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मशीन जोडलं. दुपारी चारला सगळी चाळ घरात, सुट्टीचा दिवस. म्हटलं थोडा वेळ त्रास होईल लोकांना, होऊ दे. दुसरी बाजू लावली. "बरंय, ठेवतो आता." मग बटण फिरवलं. अर्धं. मग पूर्ण.

दिवे तांबड्यावर गेले. मी कान जाळीला लावला. काही नाही, घूं घूं. हात पेटीवर ठेवला तर पेटी थरथरत होती, थांबत होती, परत थरथरत होती. माणूस बोलताना थांबतो तशी. माझा पोरगा माझ्या तळहाताखाली बोलत होता आणि मला एक शब्द कळत नव्हता. तीन वेळा लावली. देवा शपथ, तीन वेळा. तिसऱ्यांदा मी पेटीला मिठी मारून बसलो.

दार उघडलं तर गॅलरीत सगळे उभे. मी म्हटलं, बाबांनो, केला आवाज कमी, आता नाही लावत. कुणी तक्रार केली नाही. राऊतच्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

ता. २३

सकाळी नळावर रांगेत मला पुढे जाऊ दिलं. का? बायका बाजूला झाल्या. म्हातारा माणूस आला की होतात तशा.

संध्याकाळी राऊतच्या घरून वांग्याची भाजी आणि भाकरी. बायको नाही म्हणून दिली असेल. पण राऊत स्वतः घेऊन आला, खाली बसला, आणि माझ्या डाव्या बाजूला सरकून कानाशी तोंड नेऊन जोरात बोलला. म्हणजे त्याला माहीत आहे कोणत्या बाजूला बसायचं ते! केव्हापासून माहीत आहे?

"नामा, घाबरू नको. कायतरी करू. साजगावच्या त्या पोराला भेटू आदी."

"कशाबद्दल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. दत्तू बघत होता तसाच. मग म्हणाला, "काल तू लावलंस ते. आमी सगळ्यांनी आयकलं. तू..."

पुढे बोलला नाही. बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही.

भाजी तशीच आहे.

ता. २३, नंतर

बहिरा झालोय मी. लिहून टाकतो म्हणजे सुटलो. कुकर चांगला होता. रातकिडे आहेत. सेट तर पहिल्यापासून चांगला होता. दत्तूचे पाय धरायला पाहिजेत.

आणि माझ्या पोराने आईला गुपचूप सांगितलेलं मी मंडपाच्या मशीनवर अख्ख्या भिसेगावाला ऐकवलं. मी सोडून सगळ्यांनी ऐकलं.

ता. २४

ही आली. गॅलरीतच बायकांनी गाठली तिला. मी दारातून बघत होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पायरीवरच बसली.

घरात आल्यावर मी दार लावलं. म्हटलं, "सांग आता. ह्या कानात सांग. मोठ्याने. लपवायला राहिलंय कोण?"

सांगितलं. मुकादमाने पासपोर्ट काढून घेतलाय. चार महिने पगार नाही. बरोबरचा एक जण बोलायला गेला, त्याला रात्री गाडीत घालून नेला, तो परत दिसला नाही. "आये, जमंल तसं तिकिटाचं बघ, आनि बाबांना सांगू नको. ते एजंटाची मानगूट धरतील, नि मग हितं माझं काय खरं नाय."

सुऱ्याला मस्कतला पाठवणारा एजंट खोपोलीतलाच. मानगूट धरलीच असती मी. पोरगं ओळखून आहे बापाला. बापाच्या कानांनाही, म्हणून तर टेपवर बोललं.

ही तिकिटासाठी भावाकडे गेली होती. झोडणीचं निमित्त. थोडं दिलं त्याने. "बोनस असता तर..." म्हणाली. बोनस कोपऱ्यात उभा आहे, कमरेएवढा, पुढे जाळी. लाथ घालावीशी वाटली. नाही घातली. विकायचाय तो.

ता. २५

दत्तूने स्पीकर परत घेतला. मंडपवाला मशीन घेतो म्हणाला, घड्याळ मात्र त्याने पुढे विकलंय, त्याचे पैसे देणार. भावाचं आणि हे मिळून अजून बरंच कमी पडतं. राऊत चाळीत विचारून बघतोय.

एजंटाच्या दारावरून तीनदा गेलो. गेलो आणि आलो. अंगाची लाही लाही झाली, पण पोराचा शब्द आहे. आता चाळीतल्या कुणी तिथे जाऊन बडबड केली तर? एवढ्या लोकांच्या कानावर घातलंय मी. कुणाकुणाचं तोंड धरू?

ता. २९

एजंटाने दुकानाला कुलूप लावलंय. शेजारचा म्हणतो परवापासूनच. कुणी काय सांगितलं त्याला? राऊत म्हणतो आपल्यातलं कुणी नाही. पण शपथ घेताना तोही डावीकडे सरकला नाही, मला नीट ऐकू आलं नाही.

ता. ६ डिसें.

आज दुसरी कॅसेट आली. साजगावचा पोरगा नव्हे, कुणी अनोळखी माणूस राऊतच्या हातात देऊन गेला. नाव नाही, गाव नाही. वर सुऱ्याचं अक्षर नाही.

दिवसभर सेटावर पडून होती. दोघांनीही हात लावला नाही.

दिवेलागणीला मी म्हटलं, लावू. आवाज तुझ्यापुरता ठेव. चांगलं असेल तर मान हलव, मग सांग सावकाश. वाईट असेल तर काही करू नकोस, नुसती बसून राहा. मला कळेल.

सेटाकडे पाठ करून हिच्यासमोर बसलोय. वही मांडीवर आहे, हाताला काहीतरी चाळा पाहिजे म्हणून लिहितोय. हिने सेट मांडीजवळ ओढला, बटण दाबलं. तिचे डोळे खाली आहेत. ओठ घट्ट. हिरवा उजेड तिच्या हनुवटीवर हलतोय, म्हणजे कुणीतरी बोलतंय. सुऱ्याच असेल. सुऱ्याच असू दे.

पहिली बाजू संपली. तिने कॅसेट काढली, उलटी केली, परत घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

मान अजून हलली नाही.