मार्चएवढी वाट

केविनॉ, मिशिगन
२४ नोव्हेंबर १९९६

प्रिय हेल्मीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही हे एका परीनं बरंच झालं, नाहीतर या वयात आपण दोघी बहिणी पत्रं कशाला लिहीत बसलो असतो?

बातमी अशी की गेल्या आठवड्यात डेल ग्रीन बेहून येऊन गेला. लेकानं आईला भेट काय आणावी, तर बर्फ काढायचं विजेचं फावडं! हसू नकोस. नाताळच्या हॅमपेक्षा हलकं आहे. ओसरीत वायर लावायची, खटका दाबायचा आणि झाडू मारल्यासारखं पुढे लोटत जायचं. तोंडाशी एक पातं फिरतं आणि बर्फ भुर्रकन समोर उडतो. पहिल्या दिवशी तर मी बर्फ संपला तरी फिरवत होते.

पण या भेटीला शेपूट आहे. माझ्या खुब्याच्या ऑपरेशनपासून त्याच्या डोक्यात एकच, की आईनं इथे एकटीनं राहू नये. शेवटी तोड निघाली. दारापासून रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत आणि मागच्या सौनाच्या वाफघरापर्यंत, दोन्ही वाटा मी हिवाळाभर एकटीनं मोकळ्या ठेवल्या, तर घराचा विषय कायमचा बंद. एकदा जरी वाट बुजली, तर ग्रीन बेच्या वृद्धनिवासात खोली. मी हातावर हात मारून कबूल केलं. तुझ्या भावजींचं ते लोखंडी ढकलफावडं मात्र डेल गाडीत टाकून घेऊन गेला. मी मोहात पडेन म्हणे. उर्होला जाऊन चार वर्षं झाली, पण ते फावडं गेलं त्या दिवशी घर पुन्हा एकदा रिकामं झालं.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो जुन्या लोकरीसारखा टिकू दे.

तुझी ताई,
लेम्पी


लेक वर्थ, फ्लोरिडा
६ डिसेंबर १९९६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या खेळण्याची हकीकत वाचून जेवणाच्या टेबलावर एकटीच हसले. शेजारच्या बाईंनी परिचारिकेला बोलावलं. इथल्या वृद्धनिवासात एकट्यानं हसलं की रक्तदाब मोजतात.

इथे बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात आणि मी स्वेटर घालून बसते, कारण खिडकी उघडत नाही आणि गारवा यंत्रातून येतो. सौना आहे, पण तीही विजेची. किल्ली ऑफिसात, वेळ वीस मिनिटं. दगडांवर पाणी टाकायला मनाई! मग ती काय सौना, ती तर गरम कपाट.

ताई, एक विचारते, रागावू नकोस. तू वाट केवढी रुंद काढलीस? उर्होभावजी काय म्हणायचे ते विसरलीस का? नोव्हेंबरात मार्चएवढी वाट काढायची. कडेचे ढीग आत्ताच लांब सारले नाहीत, तर पुढे मार्चपर्यंत पडणारा बर्फ टाकायला जागा उरत नाही. तुझं फावडं हलकं खरं, पण ते ढीग मागे ढकलू शकेल का?

कॅरन महिन्यातून एकदा येते. लेक माझी चांगली आहे, घड्याळ तेवढं सारखं बघते. कळावे. आहे तशी माया असू दे, हिशेब मागणार नाही.

तुझी,
हेल्मी


केविनॉ
२७ डिसेंबर १९९६

प्रिय हेल्मीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

फ्लोरिडात बसून मला बर्फ शिकवतेस! माझी वाट फावड्याच्या रुंदीची आहे, पण इतकी सुबक की फीत अंथरल्यासारखी दिसते. रोज दोनदा काढते. कडेच्या भिंती खांद्याला लागल्या आहेत, ते खरं आहे. उडवलेला बर्फ कधीकधी परत अंगावर येतो, तेही खरं. म्हणून काय झालं?

समोरच्या रेइनोनं मात्र सणाचं तोंड कडू केलं. आपल्या आवारातला बर्फ त्यानं रस्त्यापलीकडे माझ्याच बांधावर लोटला. विचारायला गेले तर वर मलाच शहाणपण. म्हणाला, बाई, वाट रुंद कर, ही वाट नव्हे, मांजराचा बोळ आहे, हवं तर माझं मोठं यंत्र आणतो. मी सांगितलं, चाळीस वर्षं शेजार केलास म्हणून माझ्या दारात यंत्र घालायचा हक्क मिळत नाही. त्याची मदत घेतली तर एकटीनं म्हणायला तोंड कुठे राहणार? तेव्हापासून अबोला आहे.

वेलचीचा पाव केला, तांदळाची खीर केली. खिरीत नशिबाचा म्हणून टाकतात तो एकुलता बदाम माझ्याच वाटीत निघाला. एकटीच होते, तेव्हा निघणारच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
लेम्पी


ग्रीन बे, विस्कॉन्सिन
८ जानेवारी १९९७

ती. हेल्मीमावशीस, सा. न. वि. वि.

आईला फोन केला की ती म्हणते सगळं उत्तम. वाट कशी आहे विचारलं तर म्हणते फर्स्टक्लास. आवाज मात्र मला बरा वाटत नाही. इथून पाच तासांचा रस्ता, त्यात दोनदा वादळामुळे अर्ध्यातून परत फिरलो.

मावशी, आई खरं फक्त तुला लिहिते. वाट बुजली असेल तर मला कळव. वृद्धनिवासातली खोली मी फेब्रुवारीअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. तू मला दुष्ट समजशील, पण बाबा त्याच वाटेवर पडले होते आणि ते मला सापडले होते. दुसऱ्यांदा ते माझ्याच्यानं होणार नाही.

तुझा,
डेल


केविनॉ
१४ जानेवारी १९९७

प्रिय हेल्मीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे. टपालपेटी बर्फात गडप झाली आहे आणि पेटी मोकळी नसली की टपालवाली थांबत नाही, तुला ठाऊकच आहे.

तू म्हणाली होतीस तेच झालं. भिंती डोक्यावर गेल्या. फावडं बर्फ उडवतं आणि तो भिंतीवरून घरंगळत माझ्याच मानेत येतो. एकीकडे काढायचा, दुसरीकडे तोच पुन्हा. गुरुवारी एका रात्रीत इतका पडला की फावड्याचं तोंडच त्यात बुडालं. वायर गोठून बसली, ती आता निघत नाही. दारापासून चौदा पावलं वाट आहे. पंधराव्या पावलाला पांढरी भिंत.

खालच्या खिडक्या बुजल्यात. दुपारी बाराला खोलीत निळसर उजेड असतो. खायला आहे, बटाटे, खारवलेला मासा, राय धान्याचा कडक पाव. उपाशी मरणार नाही. पण हेल्मी, मी दिवसातून पाच-सहा वेळा ती चौदा पावलं जाते, भिंतीला हात लावते आणि परत येते. कशासाठी, ते विचारू नकोस.

फोन चालू आहे. पैसे देऊन बर्फ काढणाऱ्याला बोलावता येईल, पण तो डेलचा वर्गमित्र, संध्याकाळपर्यंत ग्रीन बेला बातमी पोचेल. डेलला मी सगळं उत्तम म्हणून सांगते. तूही सांगू नकोस. तुला शपथ आहे.

लेम्पी


केविनॉ
रविवार, २६ जानेवारी १९९७

प्रिय हेल्मीस,

आधीचं पत्रही याच पाकिटात घालते. आज पेटी उघडी आहे!

सौनापर्यंतची वाट केव्हाच गेली होती, त्यामुळे तीन शनिवार सौना पेटली नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून एक शनिवार चुकला नव्हता, उर्होच्या अंत्यविधीचासुद्धा नाही. आज सकाळी नऊच्या सुमारास भिंतीपलीकडे खरवडल्याचा आवाज आला. मी पंधराव्या पावलाशी जाऊन उभी राहिले. दीड तासानं भिंतीला भोक पडलं आणि त्यातून रेइनोची टोपी आत आली.

यंत्र आणलं नव्हतं. तुझ्या दारात यंत्र घालायचा हक्क नाही ना, म्हणाला. हातानं खणत आला. पुढे म्हणाला, पहिल्या शनिवारी सौनाच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, वाटलं अजून रागावली आहेस. दुसऱ्या शनिवारी वाटलं सर्दी झाली असेल. काल तिसरा शनिवार, तेव्हा म्हटलं, टोपी काढायच्या तयारीनंच जावं. मेली नसशील तर कॉफी टाक.

मी कॉफी टाकली, आणि मग त्या म्हाताऱ्यासमोर पोर रडावं तशी रडले. त्यानं तीन कप घेतले. चांगला माणूस आहे.

पण वाट बुजली होती, हे खरंच. आणि ती मी उघडलेली नाही. डेलला खोटं किती दिवस सांगू?

तुझी ताई,
लेम्पी


लेक वर्थ
३ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पाकीट उघडलं, आधी चौदा तारखेचं वाचलं आणि पुढचं वाचायचा धीर होईना. तुला काय म्हणावं? खुळी म्हणते, आणि पुढे चालते.

एक गोष्ट तुला कधी लिहिली नव्हती. मी तीन वर्षांपूर्वी बर्फावर घसरले, तेव्हा कॅरन म्हणाली, आई, दोनच महिने फ्लोरिडाला चल. मी एक बॅग भरली. उन्हाळ्याचे दोन झगे आणि चष्मा. मे महिन्यात तिनं घर विकल्याचे कागद सहीला आणले. मी सही केली, कारण तोवर मला नाही म्हणायची सवय मोडली होती. तुला मात्र लिहीत राहिले की समुद्र छान आहे. समुद्र इथून दिसतसुद्धा नाही.

डेलचं पत्र माझ्यासमोर पडलं आहे. त्यानं खरं विचारलं आहे. तू शपथ घातली आहेस. तुझी शपथ मोडते आहे, ताई. रागव, पण माया तोडू नकोस.

तुझी,
हेल्मी


लेक वर्थ
४ फेब्रुवारी १९९७

चि. डेल यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

खरं विचारलंस, खरं सांगते. वाट बुजली होती. तुझी आई सतरा दिवस आत अडकली होती. समोरच्या रेइनोनं तिला बाहेर काढलं. ती धडधाकट आहे आणि तुला कळू नये म्हणून घाबरून आहे.

तू दुष्ट नाहीस, घाबरलेला आहेस. पण बाबा, चूक तिची अर्धी आणि तुझी अर्धी. वाट मार्चएवढी काढायला उर्होभावजींचं फावडं लागतं, ते तू उचलून नेलंस. विजेचं ते खेळणं चांगलं आहे, पण एकीनं लोटायचं आणि दुसरीनं वायर सांभाळायची, असं दोघींचं काम आहे. दुसरी मी.

शुक्रवारी, चौदा तारखेला दुपारी माझं विमान ग्रीन बेला उतरेल. तिकीट मी स्वतः काढलं आहे. कॅरनला विमान उडाल्यावर सांग, आधी नको. खोली सोडून दे, कुणाला तरी उपयोगी पडेल. घ्यायला येताना गाडीत भावजींचं फावडं घाल. आम्ही हात लावणार नाही, रेइनो लावेल. आणि रस्त्यात वादळ असलं तरी या वेळी अर्ध्यातून परत फिरायचं नाही. शनिवारी चारच्या आत सौनाच्या धुराड्यातून धूर निघायला हवा.

एकच बॅग आहे. या वेळी तीत लोकरीचे कपडे आहेत.

तुझी मावशी,
हेल्मी