काठावरचे शिंपले

बाबा, लांबूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

घनता म्हणजे काय, असं विचारलंत. ठरावीक जागेत किती जीव राहतात, ती घनता. इथल्या तळ्यातले शिंपले मोजायचं काम माझ्याकडे होतं. मी फक्त काठावरचे मोजले आणि सगळ्या तळ्यात तेवढेच दाट असतील असं धरलं. मधल्या चिखलात उतरायची भीती वाटली, बाबा. माझ्या आकड्यावर शिंपले काढायची परवानगी मिळाली.

काल आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी विचारलं, "मध्ये उतरली होतीस का गं?" आज उतरले, तर हाताला नुसता गाळ लागला. बाईंनी काम थांबवलंय, पण अर्धा काठ ओरबाडून झालाय.

या मोजणीच्या बातमीतला, पेपरातला माझा फोटो गल्लीत दाखवताय म्हणे. आता नका दाखवू.

तुमची,
बेबी