बारा गाण्यांचं वेळापत्रक

सोनपेठ,
ता. ८ नोव्हेंबर १९७०

चि. लिंबाजीस जयभीम व अ. उ. आ.

वि. वि. तुझी अडतीस गाणी आपल्या मंडळाला पसंत पडली. भीमजयंतीला पुस्तक काढायचं म्हणतात, पण गाणी पन्नास हवीत. सौ. धुरपता सांगत होती की तू रूळ तपासत चालताना गाणी रचतोस आणि घरी आल्यावर मिळेल त्या कागदावर उतरवतोस. अरे, लेखन म्हणजे काय गुरं राखणं आहे? मी शाळेत घंटेवर शिकवतो म्हणून माझी पोरं पास होतात.

सोबत वेळापत्रक पाठवतो आहे. पहाटे चार ते सहा लेखन, संध्याकाळी सात ते नऊ शुद्धलेखन. तुमच्या रेल्वेच्या मिस्त्रींना सांगून ती पायपीट सोड आणि फाटकावरची बसून करायची ड्यूटी घे. माझी शपथ आहे, एक दिवस चुकवू नकोस. आपल्या घरात पुस्तकावर नाव येणारा तू पहिलाच.

धुरपताला आशीर्वाद. दादाचं ऐकण्याची तुझी सवय अशीच राहू दे.

तुझा,
दिनकर

चुडावा,
ता. २० डिसेंबर १९७०

ती. दादांस लिंबाजीचा जयभीम. शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मोडला न्हाई. रूळ तपासायचं चावीवाल्याचं काम सोबतच्या भुजंगला दिलं, आता मी फाटकावर हाय. रोज चारला उठायलो, वही उघडायलो. पण दादा, खरं सांगतो, कायबी सुचंना.

रुळावर चार मैल जायचो, चार मैल यायचो. वाट ठरलेली, वकूत ठरलेला. रुळाची चावी ढिली दिसली की हातोड्यानं ठोकायची, तेवढ्यात ओळ बसायची. एखाद्या दिवशी वाटलं तर पुलाजवळ घटकाभर टेकायचो. न्हाई सुचलं तर नुसतं चालायचो, काम तर व्हायचंच. आता काम म्हणजे सुचणंच झालंय. धुरपता म्हणती, पहाटं पहाटं तुमचं तोंड करपल्या भाकरीवानी दिसतंय. ती हसायली, मला हसू येईना.

भुजंगला काम परत मागू का? तुमी हो म्हणा, मग मागतो.

वैनीला जयभीम. रागावलात तरी टपाल बंद करू नका.

तुमचा,
लिंबाजी

सोनपेठ,
ता. ३ फेब्रुवारी १९७१

चि. लिंबाजीस जयभीम व अ. उ. आ.

वि. वि. नाचता येईना अंगण वाकडं! भुजंगला काही मागायचं नाही. शिस्त अंगात मुरायला वेळ लागतो. मंडळाचे भगवानराव दर बाजाराच्या दिवशी दारात येऊन बसतात. मी त्यांना भर बैठकीत शब्द दिलाय, माझी मान खाली घालू नकोस. महिनाअखेर वही पाठव, झाली असतील तेवढी गाणी असू देत. पुढचं मी बघतो.

प्रकृतीला जप, आणि माझ्या शब्दालाही.

तुझा,
दिनकर

चुडावा,
ता. १९ एप्रिल १९७१

ती. दादांस जयभीम. शि. सा. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. वर माझं नाव हाय. मी तुमाला वही कोरी पाठवली हुती, अन् पुस्तकात गाणी पन्नास हायत. शेवटची बारा तुमची. शब्द शुद्ध, मात्रा सरळ, कुठं ठेच न्हाई. धुरपतानं ऐकताच वळखलं. म्हणाली, ही गाणी कवा चाललीच न्हाईत.

इथल्या जयंतीला गायन पार्टीनं नेमकं त्यातलंच एक म्हटलं. लोकांनी दोनदा म्हणायला लावलं. सोनपेठेहून आलेल्या भगवानरावांनी मला मंचावर वढून हार घातला, अन् मी तो घालून घेतला. तुमची इज्जत जाईल म्हणून तोंड उघडलं न्हाई. लय लाज वाटली, दादा. अडतीस माझी हुती. आता तीबी माझी म्हणून कुणाला कोणत्या तोंडानं सांगू?

भुजंगकडं काम मागितलं. तो म्हणला, साहेबाच्या कागदावर आता त्याचं नाव पक्कं झालंय. त्याचंबी बरोबर हाय. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी रुळाच्या कडंनं नुसताच चालतो. काल, पाच महिन्यांनी, एक ओळ आली. तिथंच खडीवर बसून रडलो.

ती ओळ तुमाला कळवत न्हाई. तुमी तिचं गाणं पुरं कराल.

वैनीला अन् लेकरांना जयभीम. माझ्यावरचा लोभ जरा कमी करावा, एवढीच विनंती.

तुमचा,
लिंबाजी