या रेकॉर्डची वेळ दुपारची

प्रिय भाऊ,

काल चहाचं आधण ठेवलं आणि तुझ्या त्या रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यावर सुई ठेवली. आधणाला उकळी यायच्या आत गाणं संपलं! हातात चहापत्तीचा डबा घेऊन मी पेटीसमोर उभी. संपलं? एवढंच होतं?

तू गेलास तेव्हा मला रडू आलं नव्हतं. वहिनीने विचारलंही, "शकूताई, तुम्ही अशा कोरड्या कशा?" ते रडू काल आलं. पण दुःखाचं नव्हतं रे. फसवलं गेल्याचं होतं. ते तुलाच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या वर्षश्राद्धाला फैजपूरला आले होते. निघताना वहिनीने ती रेकॉर्ड वाजवायची निळी पेटी आणि सगळ्या रेकॉर्डी माझ्या हवाली केल्या. म्हणाली, माझ्या कानाला हे कधी कळलं नाही, तुमचं तुम्ही न्या. एसटीत पेटी मांडीवर घेऊन जळगावला आले. शेजारच्या बाईने विचारलं, शिलाई मशीन का? मी हो म्हटलं. काय सांगणार होते?

पुण्याच्या शेतकी कॉलेजातून तू पहिल्यांदा ती पेटी आणलीस, तेव्हा मी मॅट्रिकला होते. झाकण उघडलं की झाकणातूनच आवाज यायचा, याचंच मला केवढं अप्रूप! आणि मग ते चौघे. इंग्लंडातले गाणारे-वाजवणारे, खांद्यापर्यंत केस वाढवलेले. आबा त्यांना झिपरे म्हणायचे आणि आपणही तेच नाव घेतलं, प्रेमाने. पहिली रेकॉर्ड लागली तेव्हा ओट्यावर आलेले दोन व्यापारी उठून उभे राहिले होते. आबांनी आतल्या खोलीत डोकावून विचारलं, "काय रे, या झिपऱ्यायचं पोट दुखू राह्यलं का?" तू गंभीरपणे म्हणालास, "हो आबा, चौघांचंही." माय चुलीपुढे पदर तोंडाला लावून हसत बसली.

मला शब्द कळायचे नाहीत. तुला तरी कुठे सगळे कळायचे? पण त्या गिटारीत काहीतरी होतं, जे आपल्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पहिल्या दोन रेकॉर्डींनी मला वेडं केलं. तिसरीची मी वर्षभर वाट पाहिली.

आणि तिसरी काय निघाली! निम्म्या गाण्यांत व्हायोलिनं. गाणारा लाडात आल्यासारखा. एक गाणं तर चक्क बागेतल्या फुलांवर! झिपरे नीटनेटके झाले होते. कव्हरवर कोट घालून उभे होते. मी म्हटलं, काढ ती, आपल्याला नको. पेटीकडे पाठ करून बसले होते. हसू नकोस, खरंच बसले होते.

तेव्हा तू तो नियम काढलास. गाण्यातली जाणकार मंडळी नाही का म्हणत, काय जागा घेतली! तो शब्द तू सरळ झिपऱ्यांना लावलास. "शके, परक्याची रेकॉर्ड वाईट निघाली तर फेकावी. आपल्या माणसाची निघाली तर एक जागा सापडेपर्यंत सुई उचलायची नाही."

मग आपण बसलो शोधत. व्हायोलिनच्या मागे कुठेतरी ड्रमवाल्याच्या हातून काठी पडल्याचा आवाज तू शोधलास. फुलांच्या गाण्यात कडव्याआधी कुणीतरी खोकतं, ते मी शोधलं. तू पाठीत धपाटा घालून म्हणालास, ही खरी जागा, बाकी सगळे सजलेत, खोकणारा एकटा खरा आहे. पुढे मग सवयच लागली. गाणारा बदलला ती रेकॉर्ड, शिट्ट्याच शिट्ट्या असलेली ती रेकॉर्ड, सगळ्यांत काही ना काही सापडलं. वाईटात चांगलं बघणं मी कुठल्या कीर्तनात शिकले नाही. तुझ्याकडून शिकले.

पण त्या तिसरीतलं शेवटचं गाणं! ते मात्र आपल्याला अख्खंच सापडलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी. शिवारात केळीला पाणी द्यायला मोटारी सुरू झाल्या होत्या, घरातला दिवा लाल झाला होता, पंखा उगीच फिरल्यासारखा करत होता. आणि गाणं आलं. जड. इतकं संथ, की ड्रमचा एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट पाहावी लागे. गिटार चिखलातून पाय उपसत चालल्यासारखी. गाणाऱ्याचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. आपण दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. तू म्हणालास, "बघ, लपवून ठेवलं होतं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पेटी उघडली, तर तू रेकॉर्ड काढून घेतलीस. रागाला वेळ असते ना, तशी हिची वेळ दुपारची, म्हणालास. मी मानलं. तू सांगितलेलं काय मानलं नाही मी? सकाळी बाकीच्या रेकॉर्डी, दुपारी ही. मायसुद्धा म्हणायला लागली, "वाळवण घ्या व आत, दुपारचं गाणं लागलं."

तू मला पुण्याला नेणार होतास. इंटर झालीस की बीए तिकडे, राहायची सोय मी बघतो, आबांशी मी बोलतो. हे तू एकदा नाही, प्रत्येक सुट्टीत म्हणालास. मी कपडे भरायला पत्र्याची पेटीसुद्धा बघून ठेवली होती.

आणि धुळ्याचं स्थळ आलं.

मला नको होतं, हे तुला माहीत होतं. आदल्या दिवशी मी तुझ्यासमोर रडले होते आणि तू म्हणाला होतास, बघतो. पाहुणे पोहे खाऊन गेले. आबांनी तुला विचारलं. मी दाराआड उभी होते. आता भाऊ बोलेल, म्हणून दाराची कडी घट्ट धरून उभी होते. तू खाली बघत पोह्यांच्या बश्या एकात एक रचल्यास. मग म्हणालास, "आबा, स्थळ वाईट नाही. माणूस शांत आहे. एक-दोन जागा चांगल्या आहेत."

जागा! भाऊ, तू तोच शब्द वापरलास. आबांना काय कळणार होतं? त्यांना वाटलं असेल, तू पाहुण्यांच्या घराबिराबद्दल बोलतोयस. तो शब्द फक्त दाराआडच्या मला कळला. आपला खेळ होता तो, आपल्या दोघांचा. त्याच खेळात मला घालून तू झाकण लावलंस. दुसऱ्या कुठल्याही शब्दाने चाललं असतं रे. चांगला पगार आहे म्हणाला असतास, घरदार बरं आहे म्हणाला असतास, तर मी तुला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं.

पाठवणीच्या वेळी गाडीच्या खिडकीशी येऊन तू एवढंच बोललास, "हळू घे, शके. सापडेल."

माझ्या संसाराची तक्रार करायला हे पत्र नाही. आमचे हे खरोखर शांत आहेत. आवाज चढवत नाहीत. कुठलाच विषयही काढत नाहीत. जळगावला येण्याआधी, धुळ्याच्या त्या घरात रेडिओ बातम्यांना लागायचा आणि बातम्या संपल्या की बंद व्हायचा. सुरुवातीच्या वर्षांत दुपारी सगळे निजले की मी तांदूळ निवडत बसायची आणि ताटावर बोटांनी ते शेवटचं गाणं वाजवायची. संथ. एक ठोका, मग वाट पाहायची, मग दुसरा. तेवढ्यावर माझ्या किती दुपारी निघाल्या, ते तुला कधी सांगितलं नाही. तुझ्याशी मी फार बोलतच नव्हते ना. राखीला यायची, राखी बांधायची, गहू कसे झाले विचारायची आणि निघायची.

आणि काल हे. आमच्याकडे फ्रिजला स्टॅबिलायझर आहे, त्याच्यावरच पेटीची पिन लावली. तीच पेटी, तीच रेकॉर्ड. आणि गाणं कसं? घाईचं! टिपटिप वाजणारं, साधं, नाचरं गाणं. गाणाऱ्याचा आवाज चिरका. विहीर नाही, चिखल नाही, काही नाही. रेडिओवर लागलं असतं तर मी ओळखलंही नसतं.

आज सकाळी वहिनीला फोन केला. म्हटलं, पेटी कधी बिघडली होती का, ती कोटवाली रेकॉर्ड घाईत वाजतेय. वहिनी हसली. "ती रेकॉर्ड ना? ती दुपारची आहे, ताई. हे शिवारातल्या मोटारी सुरू व्हायची वाट बघत बसायचे. दिवा लाल झाला की म्हणायचे, आता लाव. आमच्याकडे स्टॅबिलायझर आला ना, तर पेटीची पिन त्याच्यावर लावू दिली नाही कधी. म्हणाले, झिपरे उघडे पडतील."

म्हणजे तुला माहीत होतं!

पुण्याच्या हॉस्टेलवर तू ती आधीच ऐकली असणार. ते गाणं कसं आहे, हे पहिल्या दुपारीच तुला ठाऊक असणार. व्होल्टेज उतरलं आणि पेटी मंदावली, एवढंच झालं होतं. त्यांनी काहीच लपवून ठेवलं नव्हतं. जागा नव्हतीच तिथे. आणि गाडीच्या खिडकीशी तू मला सांगितलंस, हळू घे, सापडेल. भाऊ, हळू घेतलं की काहीही गोड लागतं, हे माहीत असून सांगितलंस?

की त्या पहिल्या दुपारी क्षणभर तूही फसला होतास रे? की माझा चेहरा बघून गप्प बसलास? आबांसमोर माझ्याबद्दल जसा गप्प बसलास, तसाच?

फोन ठेवताना वहिनीने आणखी एक सांगितलं. माझ्या लग्नानंतर तू एकही नवी रेकॉर्ड आणली नाहीस. पुण्याला मिळालेली नोकरीही तू त्याच वर्षी नाकारलीस, आबांनी न म्हणता. का, ते तिला माहीत नाही. मी काही विचारेन म्हणून ती थांबली असावी. मी बरं म्हटलं. तू मला जागा दाखवतोयस, हे मला कळलं. पण ती मी धरली नाही. तू स्वतःला काय शिक्षा केलीस, ती तुझी. मी तेव्हा धुळ्यात होते.

पण एक कबूल करायला हवं, आणि ते झिपऱ्यांबद्दल. ती रेकॉर्ड वाईटच आहे. आता खात्रीच झाली. पण कालही तो खोकणारा होता. फुलांच्या गाण्यात, कडव्याआधी. जरा घाईत खोकला, पण खोकला. तो व्होल्टेजने आणला नव्हता आणि तूही नाही. तो मी शोधला होता.

येत्या उन्हाळ्यात केळीला पाणी सुरू झालं की मी फैजपूरला येईन. पेटी परत आणेन, तिची जागा तिथेच आहे. वहिनीला शेजारी बसवून, दिवा लाल झाला की ते शेवटचं गाणं लावेन, खोटं आहे हे माहीत असून. ते मला अजून आवडतं, त्याला काय करणार?

पण पोहे खाऊन पाहुणे गेल्यावर तू बोललास, त्या वाक्याशी मी इतकी वर्षं बसून आहे. हळू लावून पाहिलं, जोरात लावून पाहिलं. तू माझा सगळ्यांत आवडता होतास, म्हणूनच एवढी बसले. आता वचन देते, यापुढे त्यात शोधणार नाही. नियम मोडतेय. तूच केलेला होता.

जागा सापडली नाही, भाऊ. सुई उचलते.

तुझी,
शकी